तांतोच्या पात्यावर त्याच जागी परत परत गंज येतोय? आधी म्यान तपासा

जुना जपानी तांतो, म्हणजे आखूड कट्यार, घरात असलेल्या माणसांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीये की आता सगळं एकदा नीट लिहूनच काढतो. तक्रार अशी, की पात्यावर एक छोटा तपकिरी ठिपका दिसतो, आपण तो पुसतो, तेल लावतो, म्यानात घालून ठेवतो, आणि दोनतीन महिन्यांनी काढून बघावं तर परत ठिपका, त्याच जागी, त्याच बाजूला. मग वाटतं तेल कमी पडलं, म्हणून अजून तेल. मग वाटतं नीट घासलं नाही, म्हणून अजून घासणं. कामाकुरा काळापासून (बारावं ते चौदावं शतक) पिढ्यानपिढ्या लोकांनी जपत आणलेली पाती अशी शेवटच्या मालकाच्या हातात चारपाच वर्षांत खराब होतात, आणि ते बघताना खरंच जीव तुटतो.

माझं म्हणणं एकच आहे. गंज इथेतिथे नवीन जागी येत असेल तर हवा, हात, तेल यांचा विचार करा, पण गंज त्याच जागी परत येत असेल तर बहुतेक वेळा दोष पात्यात नसतो, म्यानात असतो. म्यानाच्या आत जिथे जुना गंज किंवा जुनं तेल चिकटलेलं आहे तिथेच पातं टेकतं, रोज टेकतं, आणि तुम्ही बाहेर काढून कितीही पुसलंत तरी परत त्याच घाणीवर नेऊन ठेवता.

हे कसं होतं ते कळायला म्यान कसं बनवतात ते माहीत पाहिजे. तांतो म्हणजे एक शाकूपेक्षा, म्हणजे साधारण ३०.३ सेंटीमीटरपेक्षा आखूड पातं. त्याचं म्यान (साया) होनोकी नावाच्या झाडाच्या लाकडाचं करतात, हे मॅग्नोलियाच्या कुळातलं झाड आहे, लाकूड मऊ आणि चिकाचा त्रास नसलेलं, म्हणून पोलादाला ओरखडे पडत नाहीत. लाकूड मधून उभं चिरतात, दोन्ही फाळ्या आतून पात्याच्या आकाराप्रमाणे कोरतात आणि भाताच्या खळीने परत जोडतात. भाताचीच खळी का, तर पुढे कधी आतून घाण झालं तर म्यान त्याच जोडावर उघडता यावं म्हणून. पात्याच्या बुडाला तांब्याची एक टोपीसारखी पट्टी असते, हाबाकी, बऱ्याचदा वरून सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा चढवलेला. ही हाबाकी म्यानाच्या तोंडात घट्ट बसते आणि पातं आत जवळजवळ अधांतरी राहतं. धार कुठेही लागत नाही, दोन्ही सपाट अंगं कुठेही लागत नाहीत, टेकलीच तर पाठ जराशी टेकते. म्हणजे सगळा डोलारा हाबाकी आणि म्यानाचं तोंड यांच्या घट्टपणावर उभा आहे. तोंड झिजलं की पातं आत कलतं, आणि कललं की लाकडाला लागतं.

आता बाजारातले तांतो बघा. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार घेऊन फिरायला बंदी घातली आणि त्यानंतर हजारो शस्त्रांचा साज (मूठ, म्यान आणि त्यांवरच्या धातूच्या वस्तू) सुटा होऊन विकला गेला. परदेशी लोकांना पात्यापेक्षा मुठीवरचं सोन्याचांदीचं काम आवडायचं, त्यामुळे मेनुकी (मुठीवरचे छोटे नक्षीचे तुकडे) एकीकडे, कोझुका (म्यानातल्या छोट्या चाकूची मूठ) दुसरीकडे, म्यान तिसरीकडे असं झालं, आणि पुढे विक्रेत्यांनी उरलेल्या वस्तू एकमेकांना जुळवून 'पूर्ण' तांतो तयार केले. म्हणजे तुमच्या पात्यासाठी ते म्यान कोरलेलंच नसण्याची शक्यता बरीच असते. ओळखायचं कसं, तर मूठ उतरवून बघा, पात्याच्या दांड्याला (नाकागो) जे भोक आहे आणि मुठीला जे भोक आहे ते सरळ एका रेषेत येतात का. येत नसतील, किंवा मुठीचं भोक एका बाजूला कोरून मोठं केलेलं दिसत असेल, किंवा मुठीत कागदाच्या नाहीतर लाकडाच्या पाचरी घातल्या असतील, तर जोडी नंतर जमवलेली आहे असं धरून चाला, आणि म्यानाकडे जास्त संशयाने बघा. आइकुची पद्धतीचा साज असेल, म्हणजे ज्यात त्सुबा (मूठ आणि पातं यांच्यामधली धातूची तबकडी) नसते आणि मुठीची कडी थेट म्यानाच्या तोंडाला भिडते, तर अजून एक सोपी खूण आहे. कडी आणि तोंड यांची गोलाई जुळायला पाहिजे, सगळीकडून सारखी. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला पायरी असेल तर ते दोघं मुळात एकमेकांचे नाहीत.

बरं, आता गंज नेमका कुठे आहे ते बघा, कारण जागेवरूनच अर्धं निदान होतं. पातं धार वर करून, पाठ खाली ठेवून बाहेर काढा, आणि काढताना पात्याला पिळू नका, सरळ रेषेत ओढा. मऊ कापडावर ठेवून एका बाजूने येणाऱ्या दिव्याच्या उजेडात बघा, आणि कागदावर पात्याची आकृती काढून ठिपका कुठे आहे ते खूण करून ठेवा, फोटोही काढून ठेवा, कारण पुढच्या वेळी 'इथेच होता की थोडा पुढे होता' हे आठवत नाही.

ठिपका अगदी टोकाला असेल तर म्यानाच्या तळाशी तेल साचलंय असं समजा. म्यान उभं ठेवायची सवय, त्यात भरपूर तेल लावायची सवय, तेल ओघळून खाली जातं, तिथे धूळ आणि लाकडाचा भुसा त्यात कालवला जातो, आणि टोक चोवीस तास त्यात बुडून राहतं. ठिपका पात्याच्या मधोमध एका सपाट अंगावर असेल तर पातं कललंय आणि तिथे लाकडाला लागतंय, आणि बऱ्याचदा तिथे बारीक समांतर ओरखडेही दिसतात, आत बाहेर करताना पडलेले. पाठीवर बारीक गंजाची रेघ असेल तर ते त्यामानाने सौम्य प्रकरण आहे, पाठ टेकतेच, फक्त आत घाण आहे. हाबाकीच्या अगदी पुढे, बोटभर अंतरात गंज असेल तर दोन शक्यता, एक म्हणजे म्यानात घालताना तोंडाच्या कडेने तिथलं तेल पुसलं जातंय, दुसरी म्हणजे कोणीतरी तिथे बोट लावतंय. पाहुण्यांना दाखवताना हे नेहमी होतं, आणि घामातलं मीठ पोलादावर एका रात्रीत ठसा उमटवतं, पावसाळी हवेत तर काही तासांत. आणि हाबाकीच्या खालून गंज डोकावत असेल तर ओल हाबाकीच्या आत अडकलीये, ते वेगळं काम आहे, त्यावर पुढे लिहितो.

म्यानाची तपासणी अशी करा. आधी टॉर्चने तोंडातून आत बघा, तोंडाजवळ तांबूस डाग किंवा काळपट चमक (हे जुनं सुकलेलं तेल) दिसतं का. मग एका लांब बारीक लाकडी काडीला, जपानी चॉपस्टिक चांगली चालते, पांढरं सुती कापड घट्ट गुंडाळा, टोकाशी दोऱ्याने बांधा म्हणजे आत सुटणार नाही, आणि हळूच आत फिरवून काढा. ज्या अंगाला पात्यावर ठिपका आहे त्याच अंगाला आणि तेवढ्याच खोलीवर कापड तपकिरी झालं तर प्रश्न मिटला, कारण सापडलं. पिवळट चिकट काही आलं तर ते जुनं वनस्पती तेल आहे. मग पातं म्यानात घालून म्यान हलक्या हाताने बाजूला हलवा, आत टकटक असा आवाज आला तर तोंड सैल झालंय. अजून एक गोष्ट बघा, म्यान जमिनीकडे तोंड करून जरासं तिरकं धरलं तर मूठ आपोआप सरकायला लागते का, पण हे करताना मुठीखाली दुसरा हात हवाच, नाहीतर तांतो पायावर पडेल. सैल म्यान म्हणजे नुसती गंजाची भीती नाही, बोट कापायचीही भीती आहे.

ओळखीच्या एका दादांचा तांतो तोक्योत असाच बघितला होता. एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) शेवटाकडचा आइकुची साज, म्यानावर सुंदर काळी उरुशी, म्हणजे जपानी लाखेचा थर, आणि पात्याच्या उजव्या अंगावर टोकापासून तीनचार बोटांवर गंज. दादांनी सगळी तेलं करून बघितली होती, उचिको पावडरची (पातं पुसायच्या दगडाच्या भुकटीची) पुडी तर इतकी आपटली होती की त्या जागेची झळाळी आजूबाजूपेक्षा वेगळी दिसायला लागली होती. काडीला कापड गुंडाळून आत फिरवलं आणि बरोब्बर तेवढ्याच खोलीवर, उजव्याच अंगाला, कापडावर विटकरी रंगाचा पट्टा आला. त्यांनी पुढे पात्यासाठी साधं लाकडी म्यान करून घेतलं आणि तो गंज थांबला.

हेच खरं उत्तर आहे. पातं आणि साज वेगळे ठेवा. जपानमध्ये ही फार जुनी रीत आहे, पात्यासाठी शिरासाया, म्हणजे रंग नसलेलं साधं होनोकीचं म्यान आणि साधी मूठ, आणि नक्षीच्या साजात (कोशिराए) पात्याच्या आकाराचा लाकडी तुकडा, त्याला त्सुनागी म्हणतात, तो घालून ठेवायचा म्हणजे म्यान मूठ सगळं जुळून राहतं. म्यान बनवणारा कारीगर (सायाशी) तुमचं पातं समोर ठेवूनच कोरतो, त्यामुळे मापाचा प्रश्न येत नाही. तुमच्याकडे आधीच शिरासाया असेल आणि तेच आतून घाण झालं असेल तर कारीगर ते जोडावर उघडून, आतून खरवडून, परत भाताच्या खळीने जोडून देतो. हे घरी करायला जाऊ नका. म्यान चिरताना लाकूड रेषा सोडून फाटलं की संपलं. आणि फुटलेलं म्यान घरी फेव्हिकॉलने किंवा सुपरग्लूने जोडायचं तर अजिबात नको, एक तर ते परत कधीच नीट उघडत नाही, आणि पांढऱ्या ग्लूमधून आंबटसर वाफ सुटत राहते ती बंद म्यानात पोलादाला मारक असते. उरुशीचं म्यान मात्र कारीगरही सहसा उघडत नाही, कारण वरचं काम तुटतं. त्यात पातं ठेवूच नये, त्सुनागी ठेवावी. तोंड थोडंसंच सैल असेल तर आतल्या बाजूला होनोकीची कागदासारखी पातळ कपची चिकटवून ते घट्ट करता येतं, हे छोटं काम आहे, कारीगर लगेच करून देतो.

नवीन शिरासाया आल्यावर निर्धास्त होऊ नका हेही सांगून ठेवतो. कोरं लाकूड पात्यावरचं तेल पिऊन घेतं, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने पातं जरा लवकर लवकर काढून बघा. तसंच नुकतंच पॉलिश झालेलं पातंही जास्त नाजूक असतं.

तेलाबद्दल. चोजी तेल म्हणून जे आज मिळतं ते बहुतेक खनिज तेल असतं आणि त्यात वासापुरतं लवंगेचं तेल असतं, ते चांगलं आहे. शुद्ध वनस्पती तेल, खोबरेल, शेंगदाण्याचं, घरात जे असेल ते, हे लावू नका, ते हवेत सुकून चिकट होतं आणि आंबटही होतं. आणि कमी लावा! पात्यावर तेल दिसायला नको, थेंब तर नकोच, बोटभर मऊ कापडावर दोन थेंब घेऊन पुसल्यासारखा हात फिरवला की झालं. जास्त तेल ओघळून म्यानाच्या तळाला जातं, मुठीत शिरून आतलं लाकूड मऊ करतं, आणि हाबाकीच्या तांब्याशी त्याचं जमतं तेव्हा हिरवं मेणासारखं काहीतरी तयार होतं. हाबाकीच्या कडेला हिरवट मेण दिसलं तर ते हेच, तेलातली आम्लं तांब्याला लागून झालेलं.

जुनं तेल काढायला पाणी नसलेलं अल्कोहोल आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड वापरा, पाठीच्या बाजूने कापड घडी करून धरायचं आणि हाबाकीकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसायचं, मागे पुढे नाही. उचिको हा दगडाच्या बारीक भुकटीचा गोळा असतो, वाईट नाही, पण ती भुकटीच आहे, दर आठवड्याला आपटत बसलं तर पॉलिश उतरतंच. ठिपक्यावर तेल लावून एखाद दिवस ठेवा, मग पुसा, असं काही वेळा करा, वरवरचा गंज असेल तर यातच फिका होतो. नाही झाला तर थांबा. पॉलिश पेपर, तारेचा काथ्या, धातू चमकवायची क्रीम, गंज काढायचं ऍसिड, यातलं काहीही पात्यावर जाता कामा नये, हामोन म्हणजे धारेलगतची ती धुक्यासारखी रेषा नुसती अशा एका प्रयोगात अंधूक होते आणि परत आणायला पूर्ण पॉलिश लागतं. पूर्ण पॉलिश म्हणजे सगळ्या पात्यावरचं पोलाद थोडं कमी होणं. तांतो आधीच बारीक, त्याच्याकडे द्यायला किती पोलाद आहे!

आणि नाकागोला हात लावू नका. मुठीतला तो दांडा काळा गंजलेला असतो तसाच असायला हवा. त्या गंजाच्या रंगावरून, कानशीच्या रेषांवरून आणि कोरलेल्या सहीवरून पात्याचं वय आणि घराणं ठरवतात. तो चकचकीत केला की पात्याचा दाखला तुम्ही स्वतः पुसलात. नुसत्या कोरड्या कापडाने पुसा.

हाबाकीखालचा गंज. आधी मुठीतली बांबूची खुंटी (मेकुगी) काढून मूठ उतरवा, मग हाबाकी नाकागोच्या बाजूने सरकवून काढायची. अडकली असेल तर सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी लाकडाचा छोटा ठोकळा पाठीच्या बाजूला टेकवून हळूहळू ठोका. पक्कड नको, कधीच नको, तांबं मऊ असतं आणि वरचा सोन्याचा पत्रा तर लगेच सुरकुततो. निघाल्यावर आतून अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, पात्याचा तो भाग पुसा, पातळ तेल, आणि परत. वरचा सोन्याचा पत्रा घासायचा नाही. मेकुगी सैल झाली असेल तर नवीन बांबूचीच करून घ्या, ती एवढीशी खुंटीच मूठ आणि पातं एकत्र धरून असते.

आता साज, कारण गंजाच्या नादात लोक सगळ्यात मोठं नुकसान इथे करतात. पातं साफ करायला घेतलं की हात आपोआप मुठीच्या कड्यांकडे जातो, काळ्या पडल्यात म्हणून चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर. कृपा करून असं करू नका. तो काळा रंग मळ नाही. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं घातलेला धातू, कारीगराने तो रोकुशो नावाच्या तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात उकळून मुद्दाम निळसर काळा केलेला असतो, आणि तो रंगाचा थर इतका पातळ असतो की एका घासण्यात जातो. खाली निघतो तो साधा तांबूस धातू. शिबुइचीचं तसंच, तांब्यात साधारण चौथा हिस्सा चांदी, आणि वर राखाडी रंग, तोही उकळूनच आणलेला. गोतो या धातुकाम करणाऱ्या घराण्याच्या कामात शाकुदोच्या काळ्या जमिनीवर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे एकेक ठोकून उठवलेले असतात आणि त्यावर सोन्याचे सिंह, ड्रॅगन. या घराण्याचा मूळपुरुष गोतो युजो (१४४० ते १५१२) शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी होता आणि त्याच्यापासून सतरा पिढ्या हे काम चाललं. त्या दाण्यांची टोकं पावडरने घासली की काळ्यात तांबडे ठिपके चमकायला लागतात, आणि अशा कड्या बघितल्या की मला पात्यावरच्या गंजापेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण गंज पॉलिश करणारा काढू शकतो, ही जमीन जशीच्या तशी कोणी परत आणू शकत नाही.

साजासाठी मऊ कोरडा ब्रश पुरतो. तेल साजाला नको. हात लावायचा तर नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोज्याचे धागे सोन्याच्या जडावाच्या कडांना अडकतात. चांदीची कोझुका काळवंडली असेल तर तशीच राहू दे, तो काळेपणा खोलगट भागात राहिला म्हणूनच नक्षी वाचता येते. लोखंडाच्या त्सुबावर लाल, भुरभुरीत गंज असेल तर तो चालू गंज आहे, त्याला हरणाच्या शिंगाच्या किंवा हाडाच्या टोकाने हलकेच खरवडतात आणि मग सुती कापडाने खूप वेळ चोळतात, पण काळा गुळगुळीत थर हा त्सुबाचा रंग आहे, त्याला हात नाही. मुठीवरचं खरखरीत पांढरं कातडं पाकट माशाचं असतं, त्याला पाणी लागलं की फुगतं आणि सुकताना आक्रसतं, म्हणून ओलं कापड मुठीपासून लांबच.

ठेवायची जागा. पोलादाला हवा कोरडी पाहिजे, लाकडाला आणि उरुशीला फार कोरडी चालत नाही, त्यामुळे मध्यम मार्ग म्हणून ५० ते ५५ टक्के आर्द्रता धरा. ६० च्या वर पोलाद झपाट्याने बिघडायला लागतं, आणि मीठ लागलेलं असेल तर त्याआधीच. पेटीत सिलिका जेलची पाकिटं भरभरून टाकणारे लोक असतात, त्यांच्या म्यानांचे जोड उकलतात आणि उरुशीला चिरा जातात. हायग्रोमीटर स्वस्त मिळतो, एक पेटीतच ठेवा. तोक्योत जून जुलैच्या त्सुयूच्या पावसात आणि मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर विशेष लक्ष ठेवा, समुद्राजवळ घर असेल तर हवेतच मीठ असतं. एसीच्या खोलीतून पेटी काढून लगेच दमट हवेत उघडू नका, थंड पोलादावर दव धरतं, पेटी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जपानी घरात बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात हिवाळ्यात भिंतच पाझरते, तिथेही नको. पेटी किरीच्या (पॉलोनियाच्या) लाकडाची उत्तम. प्लायवुड, एमडीएफ, ओकचं कपाट यातून आंबट वाफा येतात, रबर आणि लोकरीने चांदी काळी पडते, आणि डांबरगोळ्या पेटीत टाकू नका. म्यान आडवं ठेवा, धार वर.

एवढं सगळं केल्यावर, म्हणजे नवीन किंवा साफ केलेलं म्यान, पातळ तेल, योग्य हवा, आणि तरीही तोच ठिपका दोनतीन महिन्यांत परत आला, तर मग गंज पात्यात खोल गेलाय, बारीक खड्डा आहे आणि त्यात मीठ अडकलंय. हे तेलाने कधीच थांबणार नाही. पॉलिश करणाऱ्या कारीगराकडे (तोगिशी) जा, पण जाताना फक्त पातं नेऊ नका, म्यानही घेऊन जा, आणि तुम्ही कागदावर काढलेली खूण आणि तारखांसकट फोटोही. पूर्ण पॉलिश करायचंच असा हट्ट धरू नका, आधी विचारा की तेवढ्याच जागेचं काम होईल का, आणि खड्डा काढायला किती पोलाद जाईल. जपानमध्ये असाल तर पात्याचं नोंदणीपत्र (तोरोकुशो) सोबत असू द्या, ते पात्यासोबतच फिरायला हवं.